खळ्यात वाळवलेली होडी

दसरा उलटला की आमच्याकडे खळं करायला घेतात. पावसात माजलेलं गवत खरवडायचं, जमीन चोपून सपाट करायची आणि मग शेणाने सारवून घ्यायची. चार उन्हं खाल्ली की खळं असं टणक होतं, की भाताचा दाणा वरून पडला तर उडी मारतो. कुडाळच्या बाजूचा माझ्यासारखा शेतकरी या ओल्या शेणाच्या वासाने जेवढा खूश होतो तेवढा वर्षभरात दुसऱ्या कशाने होत नाही. मला मात्र हल्ली तो वास आला की कानाच्या पाळ्या गरम होतात. बायको हे ओळखून आहे. यंदा मी सारवणाची बादली घेऊन वाकलो, तर ती पडवीतून म्हणाली, "मधी जागा सोडा हां. एखादी होडी इली तर?"

ऐकलंच नाही असं दाखवून मी सारवत राहिलो.

त्याचं असं आहे, की मी एकदा या खळ्यात होडी वाळत घातली होती. समुद्राकाठच्या माणसाला एवढं एक वाक्य सांगितलं तरी तो कपाळावर हात मारून घेईल. आतल्या गावातल्या माणसाला त्यात काय वावगं, ते कळणार नाही. मी आतला. भात, काजू, थोडे आंबे, गोठ्यात दोन जनावरं. समुद्र आमच्यापासून तसा लांब नाही, पण आमच्याकडे तो फक्त ताटात येतो.

बायको मात्र मालवणच्या किनाऱ्यावरची. तिच्या माहेरच्या अंगणातून उतरलं की पायाला वाळूच लागते. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आई सगळ्यांना सांगत सुटली होती, "भाताक नुस्त्याची जोड गावली." नुस्ता म्हणजे मासे. बोलायला गोड होतं, आणि खोटंही नव्हतं. पण कालवणातला मासा वेगळा आणि घरात शिरणारा माशाचा वास वेगळा, हा भेद आमच्या घराने कधी सोडला नाही.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. आबांची जीभ किनाऱ्यावर प्रसिद्ध. वाऱ्याला शिव्या, लाटेला शिव्या, जाळ्यात अडकणाऱ्या खेकड्याला शिव्या, आणि मुलाला, म्हणजे माझा मेहुणा दत्तू याला, तर पहाटेच्या चहाबरोबर. पण मी अंगणात दिसलो रे दिसलो, की आबा शर्टाचं वरचं बटण लावत. "येवा जावयांनू, बसा." खुर्ची पुसली जाई. इतक्या वर्षांत मला कधी 'तू' नाही, कधी वाकडा शब्द नाही. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, आणि ग्रहाशी माणूस जपूनच बोलतो. पण मला तेव्हा वाटायचं, म्हातारा आपल्यावर फार खूश आहे.

आबा पडवीत घसरून पडले, खुबा मोडला, आणि त्यांचं समुद्रावर जाणं बंद झालं. दत्तूने तोवर इंजिनाची फायबरची होडी घेतली होती. आबांची लाकडी होडी माडाखाली पडून राहिली. जुन्या पद्धतीची होडी ती, फळ्या एकमेकींना सुंभाने शिवलेल्या. तिच्यावर झावळ्या कुजल्या, आत कोंबडी अंडी घालू लागली. त्या साली गणपतीत आम्ही गेलो होतो, तेव्हा परतताना बायको हळूच म्हणाली, "आबांका एकदा होडयेत बसूचा आसा. फायबराच्यात नको म्हणतत. आपल्याच होडयेत." आबांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. ते रोज संध्याकाळी काठी टेकत माडाखाली जाऊन उभे राहतात, एवढं तिने पाहिलं होतं.

झालं. मी तसाच मागे फिरलो आणि अंगणात उभा राहून मोठ्याने बोललो, "आबा, ह्या वर्साक होडी मी पाण्यात घालतंय. तुमी बसात तिच्यात." सुतारकामात माझा हात बरा आहे. नांगर, दारं, गोठ्याचे वासे, सगळं मीच करतो. आबांनी वरचं बटण चाचपलं आणि "होडी तुमची. व्हरा," म्हणाले, म्हणजे घेऊन जा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मी होडीचा मालक झालो होतो आणि मालकाला तेवढं कुठे सुचतं?

दसरा झाल्यावर होडी टेम्पोत चढवली. ती हलू नये म्हणून कोणीतरी वर बसायला हवं होतं, म्हणून मी बसलो. कुडाळच्या बाजारातून जाताना लोक वळून बघत होते आणि मी ओळखीच्यांना हात करत होतो. ते आठवलं की आजही मान खाली जाते. ज्याला त्या होडीत बसायचं होतं तो घरी खुर्चीवर, आणि मी वरातीत मिरवावं तसा तिच्यात बसून बाजारातून चाललो होतो.

खळं नुकतंच सारवून झालं होतं. भात कापायला अजून अवकाश होता. होडी मधोमध ओंडक्यांवर पालथी घातली. आई तुळशीला पाणी घालायला आली, नाकाला पदर लावून उभी राहिली आणि म्हणाली, "कसलो ह्यो वास! तुळशीच्या म्होरं?" वास होता खरा. वर्षानुवर्षं चोपडलेल्या माशाच्या तेलाचा तो वास फळ्यांत मुरलेला होता. मी सोडा आणला, भांडी घासायची नारळाची किशी घेतली, आणि दिवसचे दिवस ती होडी घासली. काळं पाणी ओघळून खळ्याबाहेर जात होतं आणि खालचं लाकूड पांढरं पडत होतं. मला ते फार स्वच्छ वाटलं. बायको उंबऱ्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "घासा, घासा. माका पण पयल्या वर्सा अशीच घासून घेतलात तुमी."

ती हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो.

मग ऊन. ऑक्टोबरचं आमच्याकडचं ऊन म्हणजे फुकटची भट्टी. त्यात मी होडी एक बाजू, मग दुसरी बाजू, अशी पापडासारखी परतली. बायकोने एकदा विचारलं, "होडयेक इतक्या सुकवतत काय?" मी म्हणालो, "लाकूड सुकल्याशिवाय टिकता काय? नांगर बघ माझो." तिने नांगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला निघून गेली. त्यानंतर तिने होडीचा विषय काढला नाही. गप्प बसलेली बायको म्हणजे पटलेली बायको, असं समजणाऱ्या पुरुषांतला मी एक.

बाजाराच्या दिवशी दत्तू आबांना रिक्षात घालून आमच्याकडे सोडायचा. आबा पडवीत बसत. थोड्या वेळाने काठी टेकत खळ्यात येत, होडीवर हात फिरवत आणि म्हणत, "पाणी गावात काय वायच?" मी तांब्या आणून द्यायचो. आबा दोन घोट पीत आणि उरलेलं पाणी होडीच्या फळीवर ओतून टाकत. अगदी सहज, कुठेतरी भलतीकडे बघत. मला ते आवडायचं नाही. एवढं वाळवत आणलेलं लाकूड हा म्हातारा भिजवतोय! पण सासऱ्यांना बोलणार कसं? ते पडवीकडे वळले की मी फडक्याने ती फळी पुसून घ्यायचो. पुढच्या खेपेला आबांनी पुन्हा पाणी मागितलं, पुन्हा ओतलं. मी पुन्हा पुसलं. शेवटी मी होडी ओढून खळ्याच्या पार टोकाला, त्यांना काठीने चालवणार नाही अशा ठिकाणी, भर उन्हात नेऊन ठेवली.

त्यानंतरच्या बाजाराला आबांनी पडवीतूनच पाणी मागितलं. तांब्या हातात धरून ते बराच वेळ होडीकडे बघत बसले. मग सगळं पाणी पिऊन टाकलं.

आजसुद्धा सारवताना मी त्या टोकाला पोचलो की हात जरा जोरात फिरतो. तिथे काही डाग नाही, खूण नाही. शेण दरवर्षी नवं, जमीन तीच.

सुकून सुकून फळ्यांच्या मधे बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. मला वाटलं, जुनी खराबी उघड झाली, बरंच झालं. कापूस राळेत बुडवला आणि ठोकून ठोकून त्या फटींत भरला. दाराच्या चौकटीत पाचर मारावी तसा गच्च भरला, मुंगीला वाट ठेवली नाही. वरून कुडाळहून आणलेला निळा रंग, काठाला केशरी पट्टा. भात खळ्यात यायच्या आधी होडी तयार! आई म्हणाली, "आता कशी देवघरात ठेवण्यासारखी झाली." मला ती स्तुती वाटली.

तुळशीचं लग्न झाल्यावर होडी मालवणला नेली. वाडीतली माणसं न बोलावता आली, खांदा लावला, नारळ फुटला, आणि संध्याकाळच्या भरतीला होडी खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरली. थेंब आत आला नाही. मी तळाला हात लावून कोरडा तळवा सगळ्यांना दाखवला. "बघा! थेंब नाय!" मग आबांच्या खुर्चीजवळ गेलो. "चला आबा, बसा." आबांनी होडीकडे पाहिलं. म्हणाले, "आज नको. सकाळी बघूया."

सकाळी आबा धुतलेला पांढरा शर्ट घालून, टोपी चढवून खुर्चीवर बसले होते. दत्तूने ती खुर्ची ओल्या वाळूवर आणून ठेवली होती. मी गुडघाभर पाण्यातून गेलो, काठ धरला आणि ऐटीत होडीत उडी मारली. तट्. मग आणखी एक, तट्, तट्. जेवण जास्त झालेल्या माणसाच्या शर्टाची बटणं तुटावीत तशी सुंभाची शिवण तुटत गेली. भर उन्हात तापवलेलं लाकूड रात्रभर पाणी पिऊन फुगलं होतं. फुगायला जागा हवी, आणि त्या जागेत मी कापूस ठासला होता. सुंभ तर सुकून काडी झालेला. खालची फळी बाहेर आली, खाडी आत आली, आणि माझी निळी-केशरी होडी माझ्यासकट शांतपणे वाळूत बसली.

कोणी हसलं नाही. हीच तर खरी गंमत. वाडीतल्या कोणा पोराने हे केलं असतं, तर शिमग्यापर्यंत त्याची सोंगं निघाली असती. माझ्या वेळी सगळे समुद्राकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "आज भरती जरा जास्तीच आसा." दुसऱ्याने मान हलवली. मी गुडघाभर पाण्यात, बुडालेल्या होडीत, दोन्ही काठ धरून उभा. आबा खुर्चीवरून म्हणाले, "दत्तू, जावयांका टॉवेल दी."

घरी आल्यावर मी काय म्हणालो असेन? नाचता येईना अंगण वाकडं. "लाकूडच जुना होता," मी म्हणालो. आबांनी लगेच मान डोलावली. "व्हय. जुनाच ता." त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. पांढरा शर्ट, घडी न मोडलेला.

दुपारी मागच्या दारी बायको कपडे वाळत घालत होती. माझेच ओले कपडे. माझ्याकडे पाठ ठेवून तिने विचारलं, "आबा खळ्यात तां पाणी कित्याक ओतीत होते? तहान नव्हती म्हणान?"

मला एकदम सगळं दिसलं. तांब्या, ओली फळी, माझं फडकं. मी चिडून म्हणालो, "मगे तोंडान सांगूक काय झाला होता?"

"जावयाक कोण सांगतला? माका सांगूचा होता, तर आबानीच गप ऱ्हवाक सांगल्यानी. म्हणाले, होडी मोडली तर फळयो गावतत. जावयाचो मान मोडलो तर तो खंय गावतलो?"

तिने माझा शर्ट झटकला आणि दोरीवर टाकला.

लाजेचे प्रकार असतात. कापणीला उशिरा पोचलो, उसनी आणलेली कोयती हरवली, पंगतीत धोतर सुटलं, अशा लाजा माणूस दुसऱ्या दिवशी सांगून हसवतो. ही तशी नव्हती. त्या म्हाताऱ्याला उभ्या आयुष्यात माझ्यासमोर एकच गोष्ट हवीशी झाली होती, आणि तीही त्याने मागितली नव्हती. ती मी त्याच्या डोळ्यांदेखत उन्हात घालून मारली, आणि तो माझा मान राखत तांब्याने पाणी घालत राहिला. तेवढंही मी पुसलं. त्याने मला चारचौघांत गाढव म्हटलं असतं तर माझा मान कितीसा गेला असता? एक दिवस रुसलो असतो, होडी वाचली असती. पण मी रुसेन अशी भीती त्या घराला वाटत होती, आणि ती भीती काय उगीच वाटत नव्हती. होडीला वास येतो म्हणून घासणारा माणूस मी. मला कोण काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी आबांसमोर जमिनीवर बसलो. खुर्ची नको म्हणालो. "आबा, आता तुमी सांगा. मी करतंय." आबा कसनुसे झाले. त्यांनी टोपी काढली, घातली, आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "दत्तू, जावयांका सांग, कापूस सगळो काढूक होयो. मगे होडी बुडवन ठेवा." दत्तू घरात नव्हताच.

आम्ही तिच्यात दगड घालून तिला खाडीच्या उथळ पाण्यात बुडवली. पेरणीआधी बियाण्याचं भात मी दरवर्षी भिजत घालतो. सुकं बी मातीत टाकलं तर काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण होडी म्हटल्यावर ते डोकं चाललं नव्हतं. भात कापणीचे दिवस होते. मी सकाळी शेतात आणि दुपारनंतर एसटीने मालवणला, असा ये-जा करत राहिलो. लाकूड भिजल्यावर होडी वर काढून फुटलेल्या फळीच्या जागी आमच्याच बांधावरच्या आंब्याची फळी घातली. मग शिवण. त्याला दोन माणसं लागतात, एक आत, एक बाहेर. सुंभ भोकातून बाहेर द्यायचा, बाहेरच्याने ओढून परत आत द्यायचा. आत आबांना पोतं घालून बसवलं, बाहेर मी. मधे फळी. तोंड दिसत नव्हतं, तेव्हा वाटलं, आता तरी सरळ बोलतील. आतून आवाज यायचा, "आता वडूक होया." कोणी ओढायचं, ते नाही. मी ओढायचो. "जास्ती झाला," फळी म्हणायची. मी सैल सोडायचो.

शेवटी तेल लागलं. माशाचं, तेच. मी फडकं न घेता हातांनी चोळलं. रात्री घरी जेवायला बसलो तर आईने नाक मुरडलं. बायको वाढता वाढता थांबली. मी त्याच हाताने भात कालवला आणि जेवलो. धुवून वास जात नव्हता आणि मी फार धुतलेही नव्हते.

शिमग्याच्या थोडं आधी एका सकाळी होडी पुन्हा पाण्यात उतरली. थोडं पाणी आत आलं, मग लाकूड मिटलं आणि थांबलं. या वेळी मी कोणाला तळवा दाखवला नाही. दत्तूने आणि मी आबांना उचलून आत बसवलं. तोच पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. दत्तू काठावर राहिला. वल्हं माझ्याकडे, कारण होडी माझी. खाडी शांत होती. काठाच्या बाहेर हात सोडून आबांनी बोटं पाण्यात बुडवली होती. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि वल्हवत राहिलो. खाडीचं तोंड कधी आलं ते कळलं नाही. समोरून एक फुगवटा आला, फार मोठा नव्हता, आणि मी घाबरून होडी आडवी घातली.

"अरे मेल्या! तोंड दी तिका! लाटेक तोंड दी!"

माझ्या हातातलं वल्हं सुटता सुटता राहिलं.

"आडवी कित्याक घातलंस, गाढवा? दी तोंड! आणि वल्हा काय खोऱ्यासारख्या मारतंस, चिखल वडतंस काय? फटकेक मेल्या, तुका होडी दिली तरी कोणी रे?"

मी जीव खाऊन वल्हं मारलं. होडीचं नाक वळलं, उचललं, लाट खालून निघून गेली. आबांच्या शिव्या थांबल्या नाहीत. माझ्या हाताला, माझ्या गावाला, माझ्या खळ्याला, सोड्याला, कापसाला, सगळ्यांना शिव्या मिळाल्या. साठवलेलं सगळं निघालं. ते ऐकता ऐकता माझे डोळे भरून आले, आणि ते खाऱ्या पाण्याने असणार असं मी ठरवलं. इतक्या वर्षांत त्या घरात मला पहिल्यांदा जागा मिळाली होती. ती खुर्चीवर नव्हती.

परतताना आबा हसत होते. टोपी मागे सरकली होती, शर्टाची दोन बटणं सुटली होती. होडीचा तळ वाळूला घासला. आबांनी किनाऱ्याकडे पाहिलं. टोपी सरळ केली. वरचं बटण लावलं.

"सांबाळून उतरा, जावयांनू," ते म्हणाले. "पाय भिजतले."

मी कमरेपर्यंत भिजलेला होतो. मान खाली घातली आणि सांभाळून उतरलो.